अबोल्याचा नियम

हिंगोलीच्या मोंढ्यात मुंजाजीच्या डोळ्यांना मान होता. तसा तो हमालच, पोती वाहून वाहून खांद्याला घट्टे पडलेला; पण हळदीचा ढीग पडला की आडत्या माणिकराव आधी त्याला हाक मारायचे. मुंजाजी ढिगात हात घालायचा, एक कांडी उचलून कटकन मोडायचा, तिचं पोट उन्हाकडे धरायचा आणि सांगून टाकायचा, "ही कच्ची उकडली," किंवा "हिच्यात मागच्या सालची मिसळली बरं का." खरेदीदार एरवी गळा फाडून भांडत, पण मुंजाजी बोलला की गप्प बसत. पिवळ्या रंगाच्या किती तऱ्हा असतात हे ह्या माणसाइतकं जिल्ह्यात कुणाला कळत नाही, असं माणिकराव चारचौघांत म्हणायचे. मुंजाजी मान खाली घालून, पण कान देऊन ते ऐकायचा.

आणि त्याच मुंजाजीला २००१ सालच्या मे महिन्यात स्वतःच्या घरातला पिवळा रंग दिसला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगले पाच दिवस. त्याचे डोळे काही अधू झाले नव्हते. कारण होतं त्याचं एक वाक्य, रागाच्या भरात कुठल्याही बापाच्या तोंडून जातं तसलं.

झालं होतं असं. एप्रिलच्या सुरुवातीला साखऱ्याहून निरोप आला, की मुंजाजीची सासू घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. करणारं दुसरं कुणी नव्हतं. मुंजाजीची बायको चांगुणा दोन लुगडी पिशवीत कोंबून निघाली. एसटी स्टँडवर गाडीत चढता चढता तिनं नवऱ्याला दोनच गोष्टी सांगितल्या.

"ज्योतीला सकाळी उपाशी सोडू नका. आन संध्यावर ओरडू नका. ती मोठी होऊन राहिली आता."

मुंजाजीनं दोन्हींना मान डोलावली. पहिली त्यानं अगदी नेमानं पाळली.

ज्योती धाकटी, आठ वर्षांची. संध्या थोरली, पंधराची, नववी पास होऊन दहावीत गेलेली. संध्याची वेणी कमरेच्या खाली पोचायची. चांगुणा दर रविवारी तिला पुढ्यात घेऊन अर्धा अर्धा तास तेल चोपडायची, आणि गल्लीतल्या बाया बघतात ना, याच्याकडे तिचं बराबर लक्ष असायचं. ती वेणी पोरीची होती की आईची हे सांगणं कठीण होतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुंजाजी कामावरून घरी आला, तर पोरीचे केस खांद्यापर्यंत. शेजारच्या हाजराबीची मुलगी अफसाना, संध्याची जिवाची मैत्रीण, तिनं घरच्याच कात्रीनं कापलेले.

मुंजाजी दारातच थबकला. काहून कापले, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. पण दिवसभर उन्हात पोती उचललेला माणूस. त्याला आधी चांगुणाचा चेहरा दिसला आणि मग त्याचा आवाज सुटला. "तुज्या आईनं जीव लावलेले केस ते! तिला मी आता काय सांगू? जा, मला तोंड दाखवू नको तुजं!"

"बरं," संध्या म्हणाली.

तिनं ओढणी डोक्यावरून ओढून घेतली, कपाळाच्या खाली आणली, आणि आत गेली. त्या दिवसापासून तिनं बापाला तोंड दाखवलं नाही. जिद्दीच्या बाबतीत पोरगी कुणावर गेली होती हे सांगायला नको.

आता अबोला काही कुणाच्या घरात नवीन नसतो. पण दोन खोल्यांच्या घरात, चार हातांच्या अंतरावर बसून अबोला धरायचा म्हणजे मधे एक माणूस लागतो. ते काम ज्योतीवर आलं.

"ज्योती, बाबाला सांग, भाकर वाढली."

"बाबा, भाकर वाढली."

"ज्योती, तिला सांग, वरणात मीठ कमी हाये."

"ताई, मीठ कमी हाये."

"बाबाला सांग, मिठाचा डबा त्यांच्या गुडघ्यापाशीच हाये."

पहिले काही दिवस ज्योतीनं प्रत्येक निरोप शब्दाशब्दानं पोचवला. मग तिला कंटाळा आला. ती नुसतं म्हणायची, "ऐकलं ना दोघांनी?" आणि जेवायला लागायची.

खरं सांगायचं तर मुंजाजीचा राग चौथ्या दिवशीच निवला होता. आखूड केसांत पोरगी बरी दिसत असेल की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण आधी बोलायचं कुणी? त्यानं आपल्या जोडीच्या हमालाला, रामकिशनला विचारलं. रामकिशनची तीन पोरं हाताशी आलेली, म्हणून मोंढ्यात त्याला ह्या विषयातला जाणता समजत.

"ह्या वयात लेकरं अशीच करतात," रामकिशन विडी झटकत म्हणाला. "लक्षच देऊ नको. आपोआप ठिकाणावर येतात."

हा सल्ला मुंजाजीला फार आवडला. त्यात काही करायचं नव्हतं.

मग मे अर्ध्यावर आला. संध्या सकाळी उशिरापर्यंत पडून राहायला लागली. ताटातली अर्धी भाकर ज्योतीच्या ताटात टाकायची. ज्योतीनं जरा आवाज केला की तिच्या अंगावर धावायची, आणि रात्री जेवणं उरकली की लगेच भिंतीकडे तोंड करून निजायची. मुंजाजी हे सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होता आणि मनात म्हणत होता, वयच तसं. एकदा निरोप आला.

"बाबा, ताई म्हणते, तिचं पोट दुखून राहिलं."

"तिला सांग, चार दिवस धड जेवली न्हाई. दुखंलच."

ज्योतीनं ते पोचवलं. आतून पुढचा निरोप आला नाही, आणि मुंजाजीला वाटलं, पटलं तिला.

हळदीचा तो ऐन हंगाम होता. त्या दिवसांत मुंजाजीच्या घरात पिवळं नाही असं काही राहायचं नाही. उशीचे अभ्रे, टॉवेल, तो वाकून आत येताना जिथं हात टेकायचा ती दाराची चौकट, ज्योतीच्या वहीचे कोपरे, सगळ्याला हळद लागलेली. त्याचे कपडे संध्या धुवायची. अबोला होता तरी ते काम तिनं सोडलं नव्हतं. त्यामुळं भिंतीपलीकडून हाजराबीनं जेव्हा त्याला थांबवलं, तेव्हा त्याला हसूच आलं.

"मुंजाजीभाऊ, पोरगी पिवळी दिसून राहिली ओ मला."

मुंजाजीनं आपले दोन्ही तळवे तिच्यापुढं धरले. "भाभी, हळदवाल्याचं घर हाये. पिवळी न्हाई दिसणार तर काय हिरवी दिसंल?"

हाजराबीही हसली. ह्या हसण्याची आठवण मुंजाजीला पुढं कितीतरी वर्षं टोचत राहिली.

त्यानंतर दोन दिवसांनी अमावस्या आली. अमावस्येला मोंढ्यात सौदे होत नाहीत. सकाळी एक ट्रक भरून द्यायचा होता तेवढा भरून मुंजाजी भर दुपारीच घरी आला. एरवी तो येईपर्यंत दिवे लागलेले असायचे. परसात कपडे धुवायचा दगड होता, त्याच्यापाशी तो उकिडवा बसला आणि कपड्याचा साबण हाताला घासू लागला. अंगाच्या साबणाला हळद ऐकत नाही. ज्योती तांब्या घेऊन पाणी घालायला उभी राहिली. हा तिचा आवडता कार्यक्रम होता, कारण हळदीच्या हाताला साबण लागला की फेस लाल होतो.

"रक्त! रक्त!" ज्योती रोजच्यासारखी ओरडली. लाल फेस दगडावरून ओघळून गेला.

तेवढ्यात संध्या बाहेर आली. डोक्यावर ओढणी, मान खाली. चुलीपुढून उठून आली होती, हाताला राख होती. मुंजाजी मोठ्या रुबाबात वीतभर बाजूला सरकला. तिनं तोच साबण उचलला. तिच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणून तो तिच्या हातांकडे बघत राहिला.

फेस पांढरा होता.

ज्योतीनं पाणी घातलं. फेस वाहून गेला, राख गेली, आणि खालून संध्याचे तळवे वर आले. ते पिवळेच होते.

मुंजाजी त्या तळव्यांकडे बघतच राहिला. हळद असती तर फेस लाल झाला असता. हळद असती तर रोज साबणात बुडणाऱ्या ह्या हातांवर ती टिकलीच नसती. मग हा पिवळा रंग वरून लागलेला नाही. हा आतून आलाय.

"संध्या," तो म्हणाला.

ज्योतीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. साडेतीन आठवड्यांत बाबानं ताईला सरळ हाक मारली नव्हती.

"तोंड वर कर."

"तुमीच म्हणला होता, दाखवू नको." आवाजात राग नव्हता. राग धरायलाही अंगात बळ लागतं.

मुंजाजीनं ओल्या हातानंच ओढणी मागं सारली, हनुवटी धरून तिचं तोंड उन्हाकडे वळवलं आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी खाली ओढली. आयुष्यभर कांड्या मोडून जो रंग त्यानं पारखला होता, तो त्याच्या लेकीच्या डोळ्यात उतरला होता. गाल बसलेले होते. ओठ सुकून फुटलेले होते. केस खांद्याशी वेडेवाकडे. हे तोंड त्यानं महिनाभर बघितलंच नव्हतं.

"कवापासून हे? काहून सांगितलं न्हाई माय?"

"सांगितलं होतं की. ज्योतीपाशी."

मुंजाजीला तो पोटदुखीचा निरोप आठवला.

"आन लघवी बी..." तिनं ज्योतीकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "लघवी चहावानी होऊन राहिली. ते ज्योतीपाशी कसं सांगू? आई न्हाई. तुमाला कसं सांगू? मला वाटलं, मला काहीतरी लई वाईट झालंय. मी मरते आता."

मग ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशीच, तोंड उघडं टाकून. आणि मोंढ्यातला सगळ्यात मोठा पारखी त्या ओल्या दगडावर तसाच बसकण मारून बसला, आणि पोरीचं डोकं त्यानं हळदीच्या सदऱ्यात घट्ट धरून ठेवलं.

ऑटो आणायला अफसाना पळाली. हाजराबीनं ज्योतीला आपल्या घरात घेतलं आणि मुंजाजीच्या कानाशी येऊन म्हणाली, "कळमनुरीकडं एक जण काविळीची माळ देतो, भाऊ. माज्या दिराला दिली होती."

"नंतर पाहू, भाभी."

"नंतरच. आधी डॉक्टरकडं पळा. मी त्या दिवशी बोलले, आन मीच हसले. अल्ला मला माफ करो." ती पदरानं डोळे पुसत आत गेली.

डॉक्टर म्हातारे होते आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी संध्याचं पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, रक्त काढायला सांगितलं, आणि मग मुंजाजीकडे वळून विचारलं, "जेवण कधीपासून कमी झालं?"

मुंजाजीनं संध्याकडे पाहिलं.

"बारा तारखेपासून मळमळून राहिलं," संध्या म्हणाली. "पंधराला ताप आला, दोन दिवस होता. अठरा तारखेपासून लघवी तशी."

सगळ्या तारखा तिच्या तोंडावर होत्या. एकटीनं मोजल्या होत्या तिनं. पंधरा तारीख मुंजाजीलाही आठवली. त्या दिवशीही वरणात मीठ कमी होतं, आणि अंगात ताप घेऊन कुणीतरी ते वरण शिजवलं होतं.

"पाण्यातून येणारी कावीळ आहे," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक पोरं ह्यातून नीट बरी होतात. आराम द्या, पाणी उकळून द्या, तेल-तूप बंद. खास असं औषध नसतं हिला. आणि कुणाच्या पाल्या-मुळ्यांच्या नादी लागू नका, तिचं लिव्हर आधीच थकलंय. माळ घालायची तर घाला, पोटात काही जाता कामा नये."

"अन धोका, साहेब?"

"शंभरात एखाद्याला असतो. म्हणून रोज सकाळी दारात उजेडात उभी करून डोळे बघायचे. बल्बाच्या उजेडात कळत नाही, सगळंच पिवळं दिसतं. रंग वाढत गेला, किंवा पोरगी उठवून उठेना, भलतंसलतं बोलायला लागली, तर तडक घेऊन या. नांदेडला न्यावं लागेल." मग त्यांची नजर मुंजाजीच्या हातांवर गेली. "मोंढ्यात असता का?"

"व्हय. हळद पारखतो."

"मग तुम्हांला रंग शिकवायला नको," डॉक्टर म्हणाले. ते साधेपणानंच बोलले होते, पण मुंजाजीनं हात पाठीमागं घेतले.

साखऱ्याला किराणा दुकानात फोन होता, तिथं निरोप ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणा आली. मुंजाजी स्टँडवर गेला होता. वाटेत त्यानं सगळं सांगून टाकलं. केस, ते वाक्य, अबोला, मीठ, काही लपवलं नाही. चांगुणा ऐकत चालत राहिली. घरात शिरली, लेकीच्या उशाशी बसली, डोळे पाहिले, कपाळावर हात ठेवला. मग तिचा हात केसांवर गेला.

"कुणी कापले गं?"

"अफसानानं."

"मागून वाकडे कापले." तिनं केसांतून बोटं फिरवली. "का कापले, माय?"

"तू न्हाईस. माज्यानं एकटीनं विंचरणं होईना. गुंता झाला, मंग उवा झाल्या. बाबाला सांगायला लाज वाटली."

"बरं केलंस. उवा तरी गेल्या." चांगुणा उठली आणि पदर खोचून कामाला लागली.

ह्याच केसांसाठी मुंजाजीनं साडेतीन आठवडे अबोला धरला होता. तो बाहेर जाऊन दगडावर बसला आणि स्वतःलाच दोन शिव्या दिल्या.

चांगुणा आठ दिवस राहिली. पण साखऱ्यात तिची आई अंथरुणात, तिला पाणी द्यायलाही माणूस नव्हता. नवव्या दिवशी मुंजाजी म्हणाला, "तू जा. मी हाये."

चांगुणानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "नक्की?"

"आता दोन डोळे उघडे ठेवून हाये," तो म्हणाला.

आणि होता. गल्लीतल्या बायांनी त्याला बजावलं होतं, कावीळ झालेल्या माणसाला पिवळं काही दाखवू नये. डॉक्टर ह्याला हसले होते. पण मुंजाजीनं विचार केला, हसू देत, आपलं काय जातं? त्यानं मोंढ्याचे कपडे हाजराबीच्या भिंतीवरल्या खिळ्याला टांगायला सुरुवात केली. तिथंच अंग धुवायचा, फेस पांढरा येईपर्यंत हात घासायचा, आणि पांढरं बनियन घालून मग घरात पाऊल ठेवायचा. पहाटे उठून दोन घागरी पाणी उकळायचा. बिनहळदीचं पांढरंफटक वरण शिजवायचा. ज्याचं अख्खं घर हळदीवर चालायचं, त्याच्या चुलीवर महिनाभर हळद चढली नाही.

"बाबा, हे वरण हाये का पीठ कालवलंय?" संध्यानं विचारलं.

"खाय गुमान."

"मीठ कमी हाये."

मुंजाजीनं मिठाचा डबा तिच्या गुडघ्यापाशी सरकवला. मग दोघंही हसले, आणि ज्योती म्हणाली, "मला कुणी काही सांगूनच न्हाई राहिलं."

पण तसं हसणं रोज नव्हतं. सकाळी ऊन दारात आलं की तो संध्याला चौकटीत उभी करायचा, अंगठा धुवून पापणी खाली ओढायचा. सुरुवातीचे काही दिवस रंग वाढतच गेला. जिल्ह्यात कुणाला कळत नसेल एवढा पिवळा रंग त्याला कळत होता, आणि तेच वाईट होतं. कालच्यापेक्षा केसभर गडद झालेलं त्याला लगेच दिसायचं. मोंढ्यात कांडी मोडताना त्याचे हात थांबायचे. रामकिशन म्हणाला, "चिंता करू नको, आपोआप..." आणि मुंजाजीनं त्याच्याकडे असं बघितलं की रामकिशननं वाक्य पुरं केलं नाही.

चांगुणा जाऊन तीन दिवस झाले, त्या सकाळी ऊन दारात आलं तरी संध्या उठली नाही. मुंजाजीनं हाक मारली. हलवलं. पुन्हा हलवलं. तिची मान एका बाजूला कलली. नांदेड, डॉक्टर म्हणाले होते. तो खाली बसला, तिचे दोन्ही खांदे धरले आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, "संध्या! अगं संध्ये! बोल काहीतरी!"

"काय कटकट हाये!" संध्या उशीत तोंड खुपसत खेकसली. "झोपू द्या ना जरा बाबा! सुट्ट्या लागल्यात ना!"

इतकं गोड कुणी त्याला आजवर बोललं नव्हतं. तो तिथंच भिंतीला टेकून बसला, आणि ती परत घोरायला लागली तरी उठला नाही. त्या सकाळी उशिरा तिला उन्हात उभी केली, तेव्हा रंग पहिल्यांदाच जरासा फिका झालेला दिसला. त्यानं दोनदा पाहून खात्री करून घेतली.

जून अर्धा सरला तेव्हा डोळे जवळजवळ निवळले होते. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी संध्या दारात बसून पुस्तकांना कव्हरं घालत होती. मुंजाजी तिच्यासमोर येऊन बसला. बोलायचं काय ते त्यानं मोंढ्यातून येताना ठरवलं होतं, पण आता शब्द सापडेनात. शेवटी जसे आले तसे बोलला.

"मी वाईट बोललो होतो. कोणत्याच बापानं तसं बोलू नये. माजी चूक झाली, माय."

संध्याचा हात कागदावर थांबला. बापानं चूक कबूल केली की लेकरानं काय करायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. ती कागदाची घडी दाबत राहिली.

"रुसू नको, असं मी म्हणत न्हाई," तो पुढं म्हणाला. "ते तुला जमायचं न्हाई, माज्यावर गेलीस तू. पण आता ह्या घरात एक नियम. कितीबी भांडण होऊ दे, अबोला महिनाभर चालू दे. रोज सकाळी दारात उजेडात यायचं, तोंड दाखवायचं, डोळे दाखवायचे. मंग दिवसभर खुशाल रुसून बसायचं. आन अंगाला काही झालं, ते लाजेचं असो का कसलं असो, तोंडानं सांगता येत न्हाई तर चिठ्ठी लिहून माज्या सदऱ्यात ठेवायची. मी वाचंन, आन वरडणार न्हाई."

संध्यानं विचार केला. "तुमीबी दाखवायचे मंग."

"मी काहून?"

"तुमीबी रुसताच की. अन तुमचा काय भरवसा?"

"बरं," मुंजाजी म्हणाला. "मीबी."

नियमाची खरी परीक्षा डिसेंबरात झाली. शाळेची सहल निघाली होती, तीन दिवसांची, मुक्कामाची. मुंजाजी म्हणाला, दहावीचं वर्ष हाये, अंगात अजून पहिल्यासारखं बळ न्हाई, बाहेरचं पाणी प्यावं लागंल, यंदा न्हाई. संध्या म्हणाली, अफसाना जाऊन राहिली. तो म्हणाला, जाऊ दे. ती म्हणाली, तुमाला काही समजतच न्हाई. तोही चढला, तीही चढली, आणि चांगुणा, जी आई उठून चालायला लागल्यावर घरी परतली होती, ती मधे न पडता भाकरी थापत राहिली. संध्यानं दाणकन दार लोटलं आणि अबोला सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंजाजी मोंढ्यात जायचे कपडे घालून दारात उभा होता. थंडी होती. कोवळं ऊन उंबऱ्यावर आलं होतं. संध्या येईल असं त्याला काही वाटत नव्हतं. आणि आली नाही तर आपण काय करायचं, हेही त्यानं ठरवलं नव्हतं.

आतून पावलं वाजली. संध्या बाहेर आली. केस आता दोन छोट्या वेण्यांत बसत होते. नाकपुड्या फुगलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. ती त्याच्यासमोर येऊन उन्हात उभी राहिली, तोंड वर केलं आणि स्वतःच्याच बोटांनी दोन्ही पापण्या खाली ओढून धरल्या. एवढ्या रागानं कुणी कुणाला डोळे दाखवले नसतील.

मुंजाजी वाकला. एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला. बघायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा जरा जास्तच वेळ लावला.

"ज्योती," तो म्हणाला, "तिला सांग, पांढरेशुभ्र हायेत."

"ताई, पांढरेशुभ्र हायेत."

"ज्योते, बाबाला सांग, आता तुमचे."

मुंजाजीनं गुडघे वाकवले, तिच्या उंचीला आला, आणि आपल्या पिवळ्या अंगठ्यानं स्वतःची पापणी खाली ओढली. संध्यानं डोळ्यांच्या आत पाहिलं, नीट, डॉक्टरसारखं. मग मान हलवली आणि आत निघून गेली. मुंजाजी मोंढ्यात गेला.

तो अबोला पुढं सहा दिवस चालला, आणि सहाही सकाळी दोघं वेळेवर दारात हजर होते.